पहिल्याला जुनं, दुसऱ्याला ताजं

आईच्या राखाडी शालीची धाकट्याने तिसऱ्यांदा घडी घातली आणि तिसऱ्यांदाही कडा जुळल्या नाहीत. ताईने ती त्याच्या हातातून काढून घेतली, एकदा झटकली, चौकोनी केली आणि खोक्यात ठेवली. आई जाऊन चौदा दिवस झाले होते. तिचं कपाट रिकामं करायला दोघं भावंडं जमिनीवर बसली होती आणि त्यांच्या मागे, खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर, मामा बसले होते. मामा मदतीला म्हणून आले होते. आल्यापासून त्यांनी एका रुमालालाही हात लावला नव्हता, ही गोष्ट वेगळी. ते निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर लोकांची पत्रं वेळेवर पोचवली, त्यामुळे कोण कुठून किती वाजता निघालं आणि किती वाजता पोचलं, हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"पाऊण तासाचा रस्ता," मामा म्हणाले. "सहाला तू उठतेस. साडेसहाला निघालीस तर सव्वासातला वॉर्डात. एकवीस दिवस तशीच पोचलीस. मग त्याच दिवशी आठ चाळीस कसे झाले?"

ताईने एका स्वेटरचं सैल झालेलं बटण अंगठ्याने दाबून पाहिलं. ती घरीच कपडे दुरुस्त करायचं काम करायची. उसवलेलं, विरलेलं, आखूड झालेलं काहीही हातात आलं की तिची बोटं आपोआप कामाला लागायची.

"सांगितलं ना मामा. पानावर स्थिर होतं."

"कुठल्या पानावर?"

"हॉस्पिटलच्या. मोबाइलवर उघडतं ते. सहाला उठल्या उठल्या बघितलं. प्रकृती स्थिर, रात्रीचं जेवण घेतलं, असं लिहिलेलं. म्हटलं, ठीक आहे तर. एका बाईंचा कोट उसवून ठेवला होता, तो पुरा करून निघाले."

"माझी बहीण तिथे एकटी गेली," मामा म्हणाले, "आणि तू इथे कोट शिवत बसली होतीस."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, ताई भांडली तरी असती. तिने नुसती खोक्यातली शाल पुन्हा बाहेर काढली आणि चांगली घातलेली घडी मोडून पुन्हा घालू लागली.

मामा धाकट्याकडे वळले. "ते पान तुझ्याच कंपनीचं ना रे? त्यात चुकीचं येतं का कधी?"

धाकट्याला केव्हाच कळलं होतं. 'रात्रीचं जेवण' हे शब्द कानावर पडले तेव्हाच. रात्रपाळीची नर्स दर चार तासांनी नोंद टाकते. सकाळी सहाला उघडलेल्या पानावर ताप, नाडी, झोप असं काहीतरी पहाटेचं असायला हवं होतं. तिथे जर आदल्या संध्याकाळच्या जेवणाची बातमी असेल, तर ते पान सकाळचं नव्हतंच. ही गोष्ट साऱ्या जगात ज्या दोन-चार माणसांच्या लक्षात आली असती, त्यांतला तो एक होता. आणि तरी त्याच्या तोंडून निघालं ते असं:

"नाही मामा. सहसा नाही."

मामांनी मान डोलावली. त्यांचं समाधान झालं होतं. ताईने वर पाहिलं नाही. खोक्याचं झाकण लावताना तिने चिकटपट्टी दातांनी तोडली आणि पुढचं खोकं ओढलं.

ते पान कंपनीचं होतं म्हणणं म्हणजे निव्वळ पळवाट. ते धाकट्याचं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याने स्वतः लिहिलेलं, दोन वर्षांपूर्वी, मोठ्या हौसेने.

हॉस्पिटलचा मुख्य कॉम्प्युटर जुना होता. त्याला एक गोष्ट विचारली की उत्तर द्यायला दहा-बारा सेकंद घ्यायचा, आणि शंभर नातेवाइकांनी एकदम विचारलं की मटकन बसायचा. धाकट्याने त्यावर तोड काढली. प्रत्येक रुग्णाच्या पानाची एक प्रत आपल्या सर्व्हरवर ठेवायची. कोणी पान उघडलं की ती ठेवलेली प्रत लगेच दाखवायची, ताटकळत ठेवायचं नाही. आणि तो माणूस ती वाचत असताना मागच्या मागे हॉस्पिटलकडून ताजी माहिती आणून प्रत बदलून टाकायची. पुढे जो उघडेल त्याला ताजी मिळेल. पहिल्याला जुनं, दुसऱ्याला ताजं. पण जुनं म्हणजे असून असून किती जुनं असणार? नातेवाईक तर दिवसभर मोबाइलला चिकटलेले असतात. मुलगा बघतो, सून बघते, आत्या बघते, ज्यांचा काही संबंध नाही तेही बघतात. पाच मिनिटांपेक्षा जुनी प्रत कोणाच्या वाट्याला यायची नाही. असं त्याने बैठकीत फळ्यावर बाण काढून समजावून सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते पटलं होतं.

ज्या आजारी माणसाला बघणारं एकच माणूस आहे, त्याचं काय, हे कोणी विचारलं नाही. त्यालाही सुचलं नाही. पान उघडलं गेलं तरच प्रत बदलणार. रात्रभर कोणी उघडलं नाही तर ती रात्रभर तशीच बसून राहणार, आणि सकाळी जो पहिला येईल त्याच्या हातात आदल्या दिवसाचा निरोप ठेवणार.

आणखी दोन गोष्टी होत्या, आणि त्या दोन्ही आता त्याच्या मानेवर बसल्या होत्या. सुरुवातीला पानाच्या तळाशी एक बारीक ओळ होती: ही माहिती अमुक वाजताची आहे. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकाला ती खटकली. लोक फोन करून विचारतात की माहिती अर्ध्या तासापूर्वीची का, म्हणे. धाकट्याने दोन मिनिटांत ती ओळ काढून टाकली. वाद घातला नाही. त्या दिवशी त्याला लवकर घरी जायचं होतं. आणि दुसरं म्हणजे, पान सुरू झाल्यावर वॉर्डातून नातेवाइकांना जाणारे फोन बंद झाले. हे तर त्याने स्वतः सुचवलेलं. नर्सचा वेळ वाचेल, असं त्याने त्याच फळ्यावर लिहिलं होतं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

आईच्या पानाला बघणारी माणसं दोन होती, ताई आणि तो. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, रविवारी यायचा, आणि एरवी 'पान बघतोच ना मी' म्हणायचा. पहिले चार दिवस बघितलंही. मग ते पान उघडलं की आईपेक्षा त्यातला अक्षरांचा आकार आणि रंग डोळ्यांत भरायला लागले, आणि आपण हे काय बघतोय असं वाटून त्याने बघणंच सोडलं. संध्याकाळी ताईला फोन करून 'कशी आहे' विचारलं की झालं. त्या दिवशी सकाळी सहाला तो जागा होता. मोबाइल त्याच्या हातातच होता. पळायला जायचं म्हणून आभाळ कसं राहील ते बघत होता. तेव्हा त्याने बोट जरा बाजूला सरकवून आईचं पान एकदा उघडलं असतं, तर जुनी प्रत त्याला दिसली असती आणि दहा मिनिटांनी ताईला ताजी. एवढंच करायचं होतं. पहिला व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ऑफिसात पोचल्यावर त्याने चहाही घेतला नाही. पान कोणी कधी उघडलं आणि त्याला कुठली प्रत मिळाली याची सर्व्हर आपोआप नोंद ठेवत असतो. त्याला लॉग म्हणतात, आणि एरवी त्यात कोणी ढुंकून बघत नाही. धाकट्याने आईच्या लिंकचा नंबर टाकला आणि त्या तारखेच्या फक्त जुन्या प्रतीच्या नोंदी मागवल्या. एकच आली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. दाखवलेली प्रत आदल्या संध्याकाळी सात चाळीसची, म्हणजे ताई दवाखान्यातून घरी पोचून शेवटचं बघायची तेव्हाची. मग त्याने हॉस्पिटलकडची नोंद काढली. पाच पन्नासला नर्सने लिहिलं होतं: श्वासाचा त्रास वाढला आहे, अतिदक्षता विभागात हलवले आहे, नातेवाइकांनी त्वरित यावे. आई गेली ती आठ वाजून पाच मिनिटांनी.

शेजारच्याने काहीतरी विनोद सांगितला, त्यावर तो हसलाही. मग उठून साहेबांच्या खोलीत गेला.

"जुनी प्रत रात्रभर तशीच राहते, असं आढळलंय," तो म्हणाला. "कमी बघितल्या जाणाऱ्या पानांवर."

साहेबांनी चष्मा काढला. "कोणाची तक्रार आलीय?"

"नाही."

"मग झालं तर. दुरुस्त करून टाक. काय, किती ठिकाणी, याचं एक टिपण करून ठेव आपल्यापुरतं. गाजावाजा नको." आणि मग, आवाज मऊ करून, "तू बरा आहेस ना? आणखी दोन दिवस रजा घेतली असतीस तरी चाललं असतं."

आईचं ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. ती कुठल्या हॉस्पिटलात होती, हे कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. "बरा आहे," म्हणाला आणि दार हळू लावून बाहेर आला.

दुरुस्ती सोपी होती, हेच तर वाईट. प्रत दहा मिनिटांहून जुनी असेल तर ती दाखवायची नाही. माणसाला बारा सेकंद थांबवायचं आणि खरं काय ते सांगायचं. शिवाय पानाच्या तळाशी ती ओळ परत: ही माहिती अमुक वाजताची आहे. सगळं मिळून प्रोग्रामच्या सात ओळी झाल्या. जेवणाच्या सुट्टीआधी लिहून झाल्या. धाकट्याला वाटलं, निदान दोन दिवस तरी लागायला हवे होते.

लिहिलेलं तपासायचं काम भिंगबाईंचं. नाव त्यांना ऑफिसने ठेवलं होतं आणि त्यांनी ते कौतुक समजून घेतलं होतं. दुसऱ्याच्या कामातली चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे आणि ती सापडली की त्यांचा दिवस चांगला जाई. त्यांना धाकट्याने दुरुस्ती दिली आणि टिपणासाठी उदाहरण म्हणून एका लिंकचा नंबर दिला. नंबर म्हणजे दहा आकडे नुसते. त्यावर कोणाचं नाव नसतं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला भिंगबाई हातात कागद घेऊन त्याच्या टेबलाशी आल्या. छापलेला कागद बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे.

"दुरुस्ती चोख आहे," त्या म्हणाल्या. "पण हे तुझं उदाहरण काही चालायचं नाही."

"का?"

"तू फक्त जुन्या प्रतीच्या नोंदी काढल्यास, हो ना? मी सगळ्या काढल्या. हे बघ. सहा दहाला जुनी प्रत मिळाली, बरोबर. पण खाली बघ. सहा वाजून बारा मिनिटं. तीच लिंक, तोच मोबाइल. तिने पान परत उघडलंय." ती की तो हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, भिंगबाई सगळ्याच नातेवाइकांना ती म्हणायच्या, कारण दवाखान्यात बहुतेक तीच असते असं त्यांचं मत होतं. "आणि दुसऱ्या वेळेला ताजी प्रत मिळालीय. अतिदक्षता, त्वरित यावे, सगळं. म्हणजे तिला कळलंच की. फार तर दोन मिनिटांचा घोळ. दोन मिनिटांसाठी कोण आपल्याला बोल लावणार? सुटलास तू!"

धाकट्याने कागद हातात घेतला. दोन ओळी होत्या. त्याने त्या वाचल्या, मग वेळेच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

खरं सांगायचं तर त्याचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच, पण पडला. दोन दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणी उचलून घेतल्यासारखं झालं आणि त्याने पोटभर श्वास घेतला. आणि तो श्वास सोडता सोडता त्याला कळलं की ते ओझं कुठे नेऊन ठेवलं गेलंय. आपण मोकळा श्वास घेतला याची त्याला इतकी शरम वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"दुसरं उदाहरण देते शोधून," भिंगबाई म्हणाल्या.

"द्या," तो म्हणाला. "हा कागद राहू दे माझ्याकडे."

सहा बाराला तिला कळलं होतं. तिथून घराबाहेर पडायला पावणेदोन तास. कोट असा काय होता तो? ताईला कोटाची बाही पुरी उसवून पुन्हा लावायला चाळीस मिनिटं पुरतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. दिवसभर तो हेच मनात घोळवत राहिला. मामांना हा कागद दाखवला तर? तर मामांच्या दृष्टीने धाकटा स्वच्छ आणि ताई कायमची दोषी. न दाखवता नुसतं 'पान जुनं होतं' एवढंच सांगितलं तर? ते खोटं नव्हतं. पण अर्धं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते त्याला कळेना. संध्याकाळी घरी जाताना त्याने कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो पाकिटात, ओळखपत्राच्या मागे सरकवला.

बुधवारी दुपारी अर्धी रजा टाकून तो ताईकडे गेला. दार उघडंच होतं. ताई खिडकीपाशी मशीनवर बसली होती, पण मशीन बंद होतं. मांडीवर एक पँट घेऊन ती खालची दुमड उसवत होती. खोलीत इस्त्री केलेल्या कापडाचा वास होता. आईची खोकी भिंतीला लावून एकावर एक रचली होती.

"मामांनी पाठवलं?" तिने विचारलं.

"नाही. मीच आलो."

"जेवलास?"

"हो," तो म्हणाला. जेवला नव्हता. दाराजवळचं स्टूल ओढून तो तिच्यासमोर बसला. बसमध्ये त्याने सगळं पाठ केलं होतं, कशानंतर काय बोलायचं ते. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"ताई, ते पान जुनं होतं."

तिचा हात थांबला.

मग तो बोलत सुटला. प्रत कशी ठेवतात, का ठेवतात, पहिल्याला जुनं का मिळतं. तळाची ओळ त्याने कशी काढून टाकली. फोन बंद करायला कोणी सुचवलं. तिला समजेल अशा शब्दांत सांगायचा त्याचा प्रयत्न होता, पण तिला फार समजावावं लागलं नाही.

"म्हणजे मी बघितलं तेव्हा तिला आत हलवलं होतं," ती म्हणाली.

"वीस मिनिटं झाली होती."

"आणि मला दिसलं, स्थिर."

"हो. माझ्यामुळे. आणि मामांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं, ताई. तिथल्या तिथे कळलं होतं मला. तरी मी सहसा नाही म्हणालो. चूक माझी होती आणि ती मी तुझ्या डोक्यावर जाऊ दिली. तू शाल घडी करत बसलीस आणि मी मूग गिळून बसलो." तो म्हणाला. "मला माफ कर, असं म्हणायलासुद्धा मला तोंड नाही."

ताईने उसवलेला दोरा ओढून काढला, बोटाला गुंडाळला, सोडवला. "मामांना सांगशील हे?"

"आज इथून त्यांच्याकडेच जातोय."

"ते तुला फाडून खातील."

"खाऊ देत."

ती किंचित हसली. हसू आलं तसं गेलं. पँट उलटी करून तिने दुसऱ्या पायाची दुमड शोधली, कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं, आणि तिथेच ठेवलं.

"आणि समजा पुन्हा उघडलं असतं," ती म्हणाली. "पान. लगेच. तर काय दिसलं असतं?"

धाकट्याने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीच्या जिन्यावर कोणीतरी पायपुसणं आपटत होतं.

"ताजं दिसलं असतं," तो म्हणाला. दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"मी एकदाच उघडलं."

"हो," धाकटा म्हणाला. "नोंद एकच आहे."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. कापडाचा ताणा कुठे विरलाय ते बघायला ती कपडा उजेडात धरायची, तशी तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून सावकाश फिरली. तो खालमानेने तिच्या पायाशी पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा करू लागला. एक, दोन, तीन. त्यांचा छोटा बोळा झाला. तो कुठे टाकावा ते न कळून त्याने तो मुठीत धरला.

ताई उठली. माठातून पाणी घेतलं, त्याला दिलं, स्वतः उभी राहिली. त्याने पेला एका दमात रिकामा केला.

"त्या आठवड्यात तू किती वेळा बघितलंस?" तिने विचारलं.

"एकदाही नाही."

"वाटलंच मला." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "संध्याकाळी फोनवर मलाच विचारायचास."

"हो."

तिने रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला, पण ठेवायला गेली नाही. तशीच उभी राहून बोलायला लागली, त्याच्याकडे न बघता, खोक्यांकडे बघत.

"चपला घातल्या होत्या मी. पिशवी खांद्याला होती. डबा भरून झाला होता. कुलूप हातात घेतलं, आणि या स्टुलावर बसले. तू बसलायस त्याच. म्हटलं, दोन मिनिटं बसू." ती थांबली. "एकवीस दिवस गेले रे मी. रोज. ती माझा हात धरायची आणि सोडायचीच नाही. श्वास लागला की डोळे असे मोठे करून माझ्याकडे बघायची, मी काहीतरी करेन म्हणून. मी काय करणार होते? त्या दिवशी पाय उचलेचना. घड्याळ समोरच आहे. सगळं दिसत होतं मला, सात वाजले ते, साडेसात वाजले ते. कोट वगैरे काही नव्हता. कोट आदल्या दिवशीच देऊन टाकला होता."

धाकट्याला काहीतरी बोलायचं होतं. मी असतो तर मीही बसलो असतो, असं काहीतरी. पण तो नव्हताच, त्यामुळे ते बोलायचा हक्क त्याला नव्हता. त्याने हात पुढे केला आणि तिच्या हातातला पेला धरला. दोघांनी तो थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"ती दुसरी नोंद," ताई म्हणाली. "पुसता येते का?"

कुठली दुसरी, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. मग मिटलं.

"पुसावी लागत नाही," तो म्हणाला. "नव्वद दिवसांनी आपोआप जाते. सगळ्याच जातात."

ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला.

"आज सतरावा," ती म्हणाली. "म्हणजे अजून त्र्याहत्तर."